बेडकांची नव्हे, जुनी गल्ली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकार सप्ताहानिमित्त आपल्या दैनिकाने काढलेली पुरवणी परवा सावकाश वाचली. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष असल्यामुळे पानंही जास्त होती आणि साखर कारखान्यांच्या जाहिरातीही. पहिल्या पानावर सहकाराची जन्मभूमी म्हणून इंग्लंडमधल्या ‘रॉशडेल’वर लेख आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या गावात मी छत्तीस वर्षं काढली. तेरा वर्षं तिथल्या गिरणीत आणि पुढची तेवीस पोस्टात सॉर्टिंगला. त्यामुळे गप्प बसवेना. वय ८२ आहे, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी फोटो. ‘सहकाराचं पहिलं दुकान’ या ओळीखाली आपण जी इमारत छापली आहे, ती रॉचडेलचा टाउन हॉल आहे. उंच मनोरा, टोकदार कमानी, रंगीत काचा, काय म्हणाल ते. डब्ल्यू. एच. क्रॉसलंड नावाच्या वास्तुविशारदाने बांधलेला, १८७१ साली उघडलेला. पहिल्या मनोऱ्यावरचं लाकडी टोक १८८३ च्या आगीत जळालं. आज दिसतो तो दगडी मनोरा आल्फ्रेड वॉटरहाउसचा, म्हणजे मँचेस्टरचा टाउन हॉल ज्याने बांधला त्याचा. सहकाराचं दुकान सुरू झालं १८४४ साली. जेमतेम अठ्ठावीस पौंड भांडवलाच्या माणसांना असा महाल बांधता आला असता तर त्यांनी दुकान कशाला काढलं असतं?

दुसरं, नाव. आपल्याकडच्या सहकाराच्या पुस्तकांत कुठे रॉशडेल असतं, कुठे रॉकडेल. सहकाराच्या जी.डी.सी. अँड ए. या पदविकेची परीक्षा देणाऱ्या माझ्या पुतण्याने एकाच गाइडमध्ये दोन्ही दाखवली. गावातली माणसं रॉचडेल म्हणतात. च चहातला, चाकातला नव्हे. गंमत अशी की ज्या नदीवर गाव वसलंय तिला हीच माणसं रोच म्हणतात. अक्षरं तीच, नदीला ओकार आणि गावाला ऑ. का, ते मला कुणी सांगू शकलं नाही. अमळनेरला अंबळनेर म्हणणारी माणसं आमच्याकडेही आहेतच.

आणि तिसरं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. ते दुकान ज्या टोड लेनमध्ये होतं, तिचं भाषांतर लेखकाने ‘बेडकांची गल्ली’ असं केलंय. वर ‘त्या दलदलीच्या, बेडकांनी भरलेल्या गल्लीत सहकाराचं कमळ उमललं’ असंही एक वाक्य आहे. त्या वाक्यावर मी दोन दिवस हसलो, आणि तिसऱ्या दिवशी मला वाईट वाटलं. तिथे बेडूक नाहीत. कधीच नव्हते. ते कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा अमळनेरचा. वडील प्रताप मिलमध्ये होते. मी माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.तून टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि परळच्या एका गिरणीत उमेदवारी करत होतो. आमच्या खात्याला कामगार त्रासन म्हणायचे. हा शब्द इंग्रजी थ्रॉसलवरून आला असावा असं माझं मत आहे. थ्रॉसल म्हणजे सूत काढण्याचं जुन्या पद्धतीचं यंत्र. कामगारांचं मत वेगळं होतं, त्रास होतो म्हणून त्रासन! तिथल्या सूत कातायच्या एका रिंग फ्रेमच्या टोकाला बिडाची पट्टी होती आणि तिच्यावर उठावदार अक्षरांत ‘ट्वीडेल्स अँड स्मॉली, कॅसलटन’ असं लिहिलेलं. त्या अक्षरांच्या खाचांत तेलकट कापूस बसायचा. तो बोटाने काढायची मला सवयच लागली होती, सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी. कॅसलटन कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. आयर्लंडात असेल असं वाटायचं.

१९६८ च्या जानेवारीत व्हाउचरवर, म्हणजे तिकडच्या सरकारच्या कामाच्या परवान्यावर, विलायतेला गेलो. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून लोकल पकडली. खिडकीबाहेर सगळं एकाच रंगाचं, ओल्या पाटीसारखं. मध्येच धुराडी, त्यांच्यावर गिरण्यांची नावं. रॉचडेलच्या अलीकडच्या स्टेशनवर गाडी थांबली आणि फलाटावर पाटी होती, कॅसलटन. मी उठून उभाच राहिलो. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, उतरायचंय का? त्याला काय सांगणार? परळला रोज सकाळी जी अक्षरं मी नखाने कोरत होतो, त्यांचं गाव समोर होतं. मला नोकरीही त्याच भागातल्या एका गिरणीत लागली. रात्रपाळी. रात्रपाळीत सगळे आपल्याच बाजूचे, बहुतेक मीरपूर आणि पंजाबकडचे पाकिस्तानी, थोडे सिल्हेटचे. दिवसपाळीला गोऱ्या बायका. सकाळी सहाला दरवाजात एकमेकांना ओलांडताना काय तो संबंध.

इंग्रजी येतं या समजुतीत मी गेलो होतो. पहिल्या रात्री फोरमनने विचारलं, “व्हीअर्स दा फ्रॉम?” मला एक अक्षर कळलं नाही. तीन वेळा विचारून शेवटी तो वैतागून निघून गेला. नंतर कळलं की ते ‘दा’ म्हणजे जुनं ‘दाऊ’, सरळसरळ आपलं ‘तू’. शाळेत आम्हाला घोकवलं होतं की इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. लँकेशर या तिथल्या परगण्यातल्या गिरण्यांतल्या जुन्या माणसांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ती आपसात एकमेकांना ‘दा’ म्हणत आणि मॅनेजर आला की ‘यू’. मी घरी अहिराणी बोलत वाढलेला. शाळेत मास्तरांनी अहिराणीबद्दल छड्या मारलेल्या. त्यामुळे ही पुस्तकाबाहेरची इंग्रजी मला पहिल्या महिन्यात परकी वाटली आणि दुसऱ्या महिन्यात माहेरची. ओल्डला ही माणसं ‘आउड’ म्हणतात. आणि ‘द’ हा उपपद ती जवळजवळ गिळतात, नुसता टकार उरतो. द मिल म्हणजे ट्-मिल. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

राहायला खोली मिळाली ती एका विधवा बाईंच्या घरी. एकाला एक चिकटलेली दुमजली घरं, आडवी पसरलेली चाळच म्हणा, आणि संडास मागच्या अंगणात. बाई साठीच्या पुढच्या. बाराव्या वर्षी अर्धवेळ म्हणून गिरणीत गेलेल्या. तेव्हा तसा कायदाच होता, अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. दुपारच्या शाळेत मुलं बाकावर झोपायची आणि मास्तरणी झोपू द्यायच्या, असं त्या सांगत. मागावर आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, पण त्याने त्यांचं काहीच अडत नव्हतं. शेजारीणही मागावरचीच. दोघी मागच्या कुंपणाच्या भिंतीशी उभ्या राहून अर्धा अर्धा तास गप्पा मारायच्या आणि आवाज शून्य. नुसते ओठ, तेही चांगले ताणून, भुवया वर-खाली. साचेखात्याच्या, म्हणजे मागांच्या खात्याच्या, गदारोळात आवाज पोचत नाही म्हणून बायकांनी बसवलेली ही बोली. तिला तिथे मी-मॉ म्हणतात. गंभीर आजाराच्या आणि अब्रूच्या गोष्टी तर त्या मुद्दाम अशाच बोलत. मी स्वयंपाकघरात असलो की माझ्याबद्दलही बोलत असाव्यात.

शुक्रवारी बाई गुडघ्यावर बसून दाराची पायरी घासायच्या. साधं घासणं नव्हे. आधी पाण्याने धुवायची, मग ती ओली असतानाच एका मऊ दगडाच्या वडीने कडेकडेने पिवळसर पट्टा ओढायचा, सरळ, एकसारख्या रुंदीचा. वाळला की उजळायचा. त्या दगडाला डाँकी स्टोन म्हणत. जुने कपडे घेऊन जाणारा भंगारवाला बदल्यात ती वडी देऊन जायचा, आपली बोहारीण भांडं देते तशी. माझी आई अमळनेरला उंबऱ्याबाहेर सारवून रांगोळीच्या दोन रेघा ओढायची, तिचाही हात असाच चालायचा. आईला पत्रात कळवलं, तर तिचं उत्तर आलं, मग त्या बाईंना सांग की शुक्रवारऐवजी रोज कर.

या बाईंनीच मला पहिल्यांदा को-ऑपमध्ये, म्हणजे सहकारी दुकानात, पाठवलं. लोणी, चहा, बटाटे. पैसे दिले आणि म्हणाल्या, नंबर सांगायला विसरू नकोस, चार-सात-एक-दोन. मला वाटलं बिलाचा नंबर. तो त्यांचा सभासद क्रमांक होता. आपण जितक्याची खरेदी केली तितकी त्या क्रमांकावर नोंद होते आणि ठरावीक मुदतीनंतर नफ्यातला वाटा खरेदीच्या प्रमाणात परत मिळतो. डिव्हिडंडचं लाडकं नाव डिव्ही. पोरांचे बूट डिव्हीच्या पैशातून, नाताळचं सामान डिव्हीच्या पैशातून. हा नंबर खरं तर त्यांच्या आईचा होता, आईकडून त्यांच्याकडे आलेला. शेवटच्या दोन वर्षांत त्यांची स्मृती गेली. मी भेटायला जायचो तेव्हा मला त्या एकदा डॉक्टर समजल्या आणि एकदा गॅसवाला. पण ‘को-ऑपला चाललोय’ म्हटलं की लगेच, चार-सात-एक-दोन.

आता १८४४ कडे येतो. पुरवणीतल्या लेखात ‘अठ्ठावीस विचारवंत विणकर’ असं म्हटलंय. त्यातले निम्मेसुद्धा विणकर नव्हते. लोकर निवडणारा होता, ताणा करणारा होता, सुतार होता, चपला-बूट करणारे होते. बरेच जण रॉबर्ट ओवेन या सुधारकाच्या समाजवादी विचारांचे होते हे खरं, पण त्या वर्षीचा प्रश्न विचारांचा नव्हता, पिठाचा होता. फ्लॅनेल विणणाऱ्यांचा संप फसलेला, मजुरी पडलेली. वाण्याची उधारी डोक्यावर असल्यामुळे तो देईल ते घ्यायचं. पिठात तुरटी आणि पांढरी माती, चहात वापरून वाळवलेली पानं. उधारी असली की तक्रार करायला तोंड राहत नाही, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

त्यांनी आठवड्याला दोन-दोन पेन्स जमवायला सुरुवात केली. दर रविवारी गावाचे तीन भाग करून घरोघर फिरायचं, भिशी गोळा करतात तसं. जुन्या हिशेबात पौंडाचे २४० पेन्स. म्हणजे एका माणसाचा एक पौंड भरायला १२० आठवडे, दोन वर्षांहून जास्त. मग तीन पेन्स केले. (हा जुना हिशेब मी स्वतः शिकलो आणि १९७१ च्या फेब्रुवारीत तो रद्दही झाला. त्याआधी १९५७ साली आपल्याकडचे आणे-पै गेले तेही पाहिलं होतं. एका आयुष्यात दोन देशांची मोड बदललेली बघितलेली माणसं थोडी असतील.) टोड लेनमध्ये ३१ नंबरच्या गोदामाचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. आणि २१ डिसेंबर १८४४, शनिवार, रात्री आठ वाजता फळ्या काढल्या. आत माल काय? २८ पौंड लोणी, ५६ पौंड साखर, सहा हंड्रेडवेट पीठ, पोतंभर ओटचं पीठ आणि थोड्या चरबीच्या मेणबत्त्या. किलोत सांगायचं तर १३ किलो लोणी, २५ किलो साखर, तीनशे किलो पीठ. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे गणपतीत याहून जास्त माल असतो.

बाहेर पोरं जमली होती, गिरणीतले डॉफर. डॉफर म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणारी पोरं. हा शब्द परळलाही असाच होता आणि रॉचडेललाही असाच. सगळ्या गिरणीत सर्वांत वात्रट जमात हीच, हे मी दोन्हीकडे अनुभवलंय. ही पोरं त्या रात्री दाराशी उभी राहून ओरडली की म्हाताऱ्या विणकरांचं दुकान उघडलं रे! आत उभ्या असलेल्या माणसांना फळ्या काढायची लाज वाटत होती म्हणतात. पहिला विक्रेता सॅम्युएल ॲशवर्थ एकोणीस वर्षांचा होता. सुरुवातीला दुकान आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडायचं, सोमवारी आणि शनिवारी, कारण दिवसा सगळे कामावर. १८४५ च्या अखेरीला सभासद झाले ७४.

सहकाराची कल्पना काही या मंडळींनी शोधून काढली नाही. स्कॉटलंडमध्ये फेनिक नावाच्या गावी विणकरांनी १७६९ सालीच ओटचं पीठ एकत्र घेऊन वाटलं होतं. खुद्द रॉचडेलला, त्याच टोड लेनमध्ये, दहा-एक वर्षं आधी असंच एक दुकान निघालं आणि बुडालं. बुडालं ते उधारीने. १८४४ च्या मंडळींनी त्यातून एकच धडा घेतला आणि तो सोडला नाही. रोख द्या, माल घ्या. सभासद असो, भाऊ असो, संपावर असो. बाकीचे नियम, म्हणजे एका माणसाला एक मत, बायकांना बरोबरीचं सभासदत्व, नफा खरेदीच्या प्रमाणात, धर्म आणि राजकारण दाराबाहेर, हे पुस्तकात असतातच, आपल्या लेखातही आहेत. पण आता संग्रहालय झालेल्या त्या खोलीत तुम्ही गेलात तर डोळ्यांत भरतो तो तराजू. दगडी फरशी, पिंपांवर टाकलेल्या फळ्यांचा काउंटर आणि काउंटरवर तराजू. खोली एवढीशी की आठ-दहा माणसं आली की दाटी. मी पाहुण्यांना घेऊन कितीदा गेलो असेन त्याची गणती नाही. भारतातून सहकारातली मंडळी यायची, कुणी आमदार, कुणी चेअरमन. मग कुणीतरी माझं नाव सांगायचं. बहुतेक जण त्या खोलीत उभे राहून पहिलं विचारायचे, “बस, एवढंच?” एका चेअरमनसाहेबांनी तर आपल्या कारखान्याचं गेस्ट हाउस याच्या दहापट आहे असं मला तिथेच सांगितलं.

आता बेडूक. १९८१ साली आमची गिरणी बंद पडली आणि मी पोस्टात सॉर्टिंगला लागलो. समोर लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खणाला रस्त्याचं नाव. गाव पायाने कळायच्या आधी मला असं हाताने कळलं. ड्रेक स्ट्रीट, यॉर्कशर स्ट्रीट, स्पॉटलंड, मिल्कस्टोन रोड, फॅलिंज. एका भागाचं नाव आहे सडन, म्हणजे अचानक. तिकडची पत्रं उशिरा गेली की आमच्यात ठरलेला विनोद होता. शेजारच्या खणांवर एक जुना सहकारी होता, जन्मापासून गावातला, वडील गिरणीत, आजोबा गिरणीत. एकदा मी त्याला विचारलं, टोड लेनमध्ये बेडूक कुठून आले? त्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला. म्हणाला, मोठ्याने म्हण, द ओल्ड लेन. मी म्हटलं. आता आमच्यासारखं म्हण. द गिळ, ओल्डचं आउड कर. ट्-आउड लेन. आता भरभर म्हण. टाउड लेन, टाउड लेन, टोड लेन. बास. कुण्या बाहेरच्या लिहिणाऱ्याने ऐकलं टाउड आणि लिहिलं टोड. जुनी गल्ली. जशी प्रत्येक गावात असते, अमळनेरला आहे, नाशिकला तर आहेच आहे.

म्हणजे गल्ली जुनी म्हणून नाव जुनी गल्ली, इतकं साधं. बोलणाऱ्याची जीभ एक आणि लिहिणाऱ्याचा कान दुसरा, त्यातून बेडूक निपजला. आपल्या लेखकाने त्या बेडकाभोवती दलदल केली आणि दलदलीत कमळ लावलं.

त्याच गल्लीत आणखी एक असंच नाव आहे. संग्रहालयाला लागून सेंट मेरीचं चर्च आहे, त्याला सेंट मेरी इन द बॉम म्हणतात. आपल्या माणसांना वाटतं बॉम्बचं काहीतरी. बॉम म्हणजे पुदिन्याच्या जातीची एक वासाची वनस्पती, पूर्वी त्या जागेत उगवायची. शेजारच्या पबचं नावही तेच.

जुन्या गल्लीचा फार थोडा तुकडा आता उरलाय. मी गेलो तेव्हा ती उतारावरून खाली थेट गावाच्या मध्यापर्यंत यायची. सत्तरच्या दशकात नवा बाजार आणि रुंद रस्ता आला, गल्ली मधोमध कापली गेली. संग्रहालय, चर्च, पब आणि थोडी दगडी फरसबंदी, एवढं राहिलं. आमच्या खणांतसुद्धा टोड लेनचा गठ्ठा बोटभर जाडीचा. नदीचंही तेच केलं होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिच्यावर टप्प्याटप्प्याने छप्पर घालून वर चौक केला. छत्तीस वर्षांत मी गावाच्या मध्यावर नदी पाहिली नाही. ती २०१६ साली पुन्हा उघडी केली आणि खालून जुना दगडी पूल निघाला. मी २०१८ साली मुलीकडे गेलो तेव्हा कठड्याशी बराच वेळ उभा राहिलो. इकडे नाशिकला रामकुंडाजवळचं काँक्रीट काढायचं की ठेवायचं यावर माणसं भांडतात, त्यांनी एकदा बघून यावं.

एक गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती, कारण ती खानदेश-वऱ्हाडाची आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतल्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशरचा कापूस थांबला. गिरण्या बंद, लाखो माणसं सदावर्तावर. मग कापूस कुठून? मुंबईहून. आपल्या बाजूने जाणाऱ्या सगळ्या कापसाला तिकडे सरसकट सुरती म्हणत, मग तो धुळ्याचा असो की खामगावचा. धागा आखूड, वर कचरा, सारखा तुटायचा. कातणाऱ्याला आणि विणणाऱ्याला मजुरी निघालेल्या मालावर, त्यामुळे पोटावर पाय. तेव्हाची एक प्रार्थना तिथे अजून सांगतात, देवा आम्हाला कापूस पाठव, पण सुरती नको. ही प्रार्थना मला एका म्हाताऱ्याने कॅन्टीनमध्ये मोठ्या प्रेमाने ऐकवली आणि मग विचारलं, तुझं गाव कुठलं? मी म्हटलं, त्याच कापसाचं. तिकडे माणसं रांगेत सूप घेत होती आणि इकडे मुंबईत त्याच कापसाच्या पैशावर समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे भरणीचे शेअर वेड्यासारखे चढत होते. १८६५ साली युद्ध संपलं आणि मुंबई बसली. रॉचडेलचा जॉन ब्राइट, स्वतः गिरणीवाल्यांच्या घरातला, पार्लमेंटात शेवटपर्यंत गुलामगिरीविरुद्धच्या बाजूने बोलत राहिला. गावातले पुष्कळ कामगारही पोट रिकामं असताना त्याच बाजूला राहिले. १८६३ साली अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या लोकांनी जॉर्ज ग्रिसवोल्ड नावाच्या जहाजातून पिठाची हजारो पिंपं लँकेशरला पाठवली. त्यातलं एक रिकामं पिंप रॉचडेलच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. मी पाहिलंय. साधं लाकडी पिंप, आमच्याकडे लोणच्याला वापरतील असं.

गावाचं सगळंच असं जपून ठेवलेलं नाही. स्पॉटलंड भागात ॲस्बेस्टॉसचा प्रचंड कारखाना होता. नेली कर्शॉ नावाची तिथली कामगार १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी फुप्फुसं भरून वारली. ॲस्बेस्टॉसने झालेला मृत्यू म्हणून वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलेलं ते पहिल्यांपैकी एक प्रकरण. तिला निनावी कबरीत पुरलं होतं. माझ्या गठ्ठ्यांत त्या भागातल्या विधवांची पेन्शनची पाकिटं किती असायची ते मला माहीत आहे.

राहता राहिला आपला सहकार. गावोगावच्या आपल्या सोसायट्या रॉचडेलच्या वळणाच्या नाहीतच, त्या जर्मनीत शेतकऱ्यांच्या पतपेढ्या काढणाऱ्या रायफायझेनच्या वळणाच्या. १९०४ चा कायदा झाला तो शेतकऱ्याला कर्ज मिळावं म्हणून, शुद्ध पीठ मिळावं म्हणून नव्हे. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला उभं केलं ते तर तिसरंच काहीतरी होतं, स्वतःच्या बुद्धीचं. म्हणून दर नोव्हेंबरात रॉचडेलला हार घालायचा तर घाला, पण त्यांची रोखीची अट मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची नऊ लाखांची ठेव एका पतसंस्थेत सहा वर्षांपासून अडकली आहे. संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं परत आली नाहीत म्हणे. संस्थेच्या भिंतीवर अठ्ठावीस जणांचा तो प्रसिद्ध फोटो आहे. तो फोटोही १८४४ चा नाही, वीस-एक वर्षांनी काढलेला, आणि त्यात सगळे अठ्ठावीस नाहीत. तेरा आहेत. बहिणीच्या नंबरची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मोजले.

तर विनंती अशी. पुढच्या अंकात छोटी दुरुस्ती छापावी, गावाचं नाव रॉचडेल, गल्लीचं नाव जुनी गल्ली. टाउन हॉलच्या फोटोऐवजी छापायला सोबत माझा एक फोटो पाठवत आहे. १९७४ साली ३१ नंबरच्या दारात काढलेला. दारात डोक्याला रुमाल बांधलेल्या, पिशवी घेतलेल्या बाई आहेत त्या माझ्या घरमालकीण. फोटो काढतोय म्हटल्यावर त्या रागावल्या होत्या आणि ओठांनी काहीतरी म्हणत होत्या, ते फोटोत दिसतं. काय म्हणत होत्या ते मला आजवर वाचता आलेलं नाही. छापताना हवं तर त्यांना कापा, पण मूळ फोटो परत पाठवा. पाकीट आणि तिकीट सोबत जोडलं आहे. माझ्याकडे ही एकच प्रत आहे.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ अमळनेर, सध्या नाशिक)